सव्वीस घरं

दि. ९ जानेवारी

चि. टोची हीस,
आजीचे अनेक आशीर्वाद, आणि त्याबरोबर एक कान पिळून.

महिना झाला, तुझं पत्र नाही. फोन केला होता हे मला सांगू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू खरं सांगत नाहीस. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, म्हणून मला कागद बरा वाटतो. माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. दोन इयत्ता शिकले, त्यातही एक पुन्हा केली.

तुझी आई म्हणत होती की तू आता मेलेली सील कापून बघतेस. मला नवल वाटलं नाही. चार वर्षांची होतीस तेव्हा किनाऱ्यावर मेलेला खेकडा दिसला तरी काडीने टोचल्याशिवाय पुढे सरकायची नाहीस. म्हणून तर टोची नाव पडलं. फक्त हात धूत जा आणि जेवताना त्या गोष्टी कोणाला सांगू नकोस. लग्न ठरायचं राहील ते त्यानेच.

इकडची बातमी म्हणजे बंदरावरची आमची जाळी दुरुस्त करायची शेड पाडून तिथे नवी बांधणार आहेत. नकाशा दाखवायला आले होते. मी त्यांना सांगितलं, बाकी काय हवं ते करा, पण जमिनीतली झडप ठेवा. जुन्या शेडमध्ये ती झडप मीच सुताराला सांगून करवून घेतली होती. आधी तुकडे, दोऱ्या, कुजकं जाळं सगळं पोत्यात भरून टेकडीमागे टाकायला जावं लागे. झडप झाल्यावर फळी उचलली की खाली सरळ समुद्र. दोन मिनिटांत शेड स्वच्छ. मुकादम म्हणाला होता की बाई शाळेत गेली असती तर इंजिनीअर झाली असती.

आणि दुसरं. नव्या शेडच्या दाराशी पाटी लावणार आहेत. तिच्यावर लिहिणार की अमुक बाईने एकोणतीस वर्षं जाळी सांधली आणि तिचं एकही ठिगळ कधी परत आलं नाही. मी नको नको म्हटलं, पण फार जोरात म्हटलं नाही.

चौदा मार्चला या शेडचीच सभा आहे. पत्र लिही. माया आहे तेवढी राहू दे, कमी झाली तर मला इथे बसून कळेल.

तुझी
आजी

---

दि. २७ जानेवारी

ती. आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार. कान अजून लाल आहे.

पत्राला उशीर झाला, कारण आमच्याकडे सतरा नंबर आली. आम्ही सीलना नावं देत नाही, नंबर देतो. मादी होती. दात उभा कापला की झाडाच्या खोडासारख्या रेघा दिसतात, त्या मोजल्या. पाच भरल्या. पाच वर्षांची सील चांगली भरलेली असायला हवी, ही मात्र रिकाम्या पिशवीसारखी होती.

तिच्या गळ्यात जाळ्याचा तुकडा होता. पिल्लू असताना खेळता खेळता डोकं घातलं असणार. डोकं आत गेलं, मागे आलं नाही. मग ती वाढत गेली आणि जाळं वाढलं नाही. दोरा कातडीत शिरला, वरून मांस आलं, पुन्हा फाटलं, पुन्हा आलं. आम्हाला तो चिमट्याने एकेक बोट सोडवावा लागला. तिच्या चरबीतही बोटींना-जाळ्यांना लावतात त्या रंगाचं आणि कारखान्यांचं विष सापडलं. ते तिने स्वतः फारसं खाल्लेलं नसतं, आजी. आईच्या चरबीत साठलेलं दुधातून उतरतं. पहिलटकरणीचं पहिलं पिल्लू सगळ्यात जास्त पितं.

आता तुझ्याकडे काम. जाळं जुनं आहे, वीस वर्षं तरी पाण्यात फिरलेलं. दोरा हिरवा, पण शेवटची ओळ आणि कोपऱ्यातली गाठ नारिंगी. तू सांगायचीस ना, ठिगळ झालं की प्रत्येक बाई कोपऱ्यात आपली खुणेची गाठ मारते, म्हणजे ते उसवलं तर कोणाचं ते मुकादमाला कळतं? ती तसली गाठ आहे. मी चित्र काढून सोबत पाठवते.

बंदरवाले म्हणतात की हे आपलं नव्हेच, परक्या बोटींचं आहे. कारण तुम्ही जाळ्याच्या चौकोनाला घर म्हणता ना, तसं इथल्या सगळ्या जाळ्यांचं घर चार बोटांचं. हे साडेपाच बोटांचं. आणि आपलं नाही म्हटल्यावर नव्या शेडमध्ये झडप नको हे माझं म्हणणं ते ऐकणार कशाला? (हो, मीच ते म्हणतेय. तुझं पत्र वाचून तोंड लपवावंसं वाटलं.) ही गाठ कोणाची हे तू ओळखलंस तर सभेत त्यांचं तोंड बंद होईल.

आठवून सांग. मायेत मी काटछाट करत नाही, तूही करू नकोस.

तुझी
टोची

---

दि. ५ फेब्रुवारी

चि. टोची हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, चित्र मिळालं. चित्र काही धड नाही. गाठ काढली आहेस की शेवया, कळत नाही.

एका सीलसाठी एवढा गाजावाजा कशाला ते मला समजलं नाही. आमच्या वेळी सील जाळी फाडायच्या, मासा खायच्या, आम्ही शिव्या घालायचो आणि फाटलेलं पुन्हा सांधायचो. समुद्र एवढा मोठा. त्यात एक तुकडा म्हणजे काय. आम्ही कोणी मुद्दाम सीलच्या गळ्यात बांधायला गेलो नव्हतो.

तरी विचारलंस म्हणून सांगते. नारिंगी दोरा शेडमध्ये एकदाच आला होता, थोडासाच. तो भिंगरीकडे असताना हरवला. भिंगरी तुला आठवत असेल, माझ्या शेजारच्या पाटावर बसायची, एका जागी कधी ठरायची नाही. दोऱ्याचं काय केलंस ते तिला सांगता आलं नाही, म्हणून मुकादमाने तिला सांधायच्या कामावरून काढून रंगाच्या हौदावर घातलं. जाळ्याला शेवाळ धरू नये म्हणून त्यात बुडवायचे. तेव्हा गाठ तिचीच असणार. घराचं माप चुकलं असेल म्हणून टाकून दिलं असेल. कोणाचं चुकत नाही?

पण ती आता वृद्धाश्रमात आहे आणि तिला जुनं काही धड आठवत नाही. तिला त्रास द्यायला जाऊ नकोस. आपल्यापुरतं लिहून टाक आणि विषय संपव.

तुझ्या आईचा गुडघा दुखतो, डॉक्टरकडे जात नाही. हट्ट कोणाचा घेतलाय कोण जाणे.

माया ठेव.

आजी

---

दि. २० फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

तू नको म्हणाली होतीस, तरी मी भिंगरीआजीकडे जाऊन आले. एखाद्याचं नाव अहवालात लिहायचं तर त्याला न विचारता कसं लिहू? आईबरोबर गेले, तिचा गुडघाही त्याच गावी दाखवला. (वंगण संपलंय म्हणतात. हट्टाबद्दल काही बोलले नाहीत.)

भिंगरीआजी खिडकीपाशी बसली होती. तुझं नाव सांगताच हसली आणि तू अजून तशीच वचावचा बोलतेस का म्हणून विचारलं. मग मी गाठीचं चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं. मी सांगितलं की आजी म्हणते ही तुमची. तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, ती म्हणते ना, मग माझीच.

मी दोरा नेला होता. बांधून दाखवाल का म्हटलं. आजी, तिच्या हातांची कातडी अशी आहे की बोटं पूर्ण मिटत नाहीत, हौदावरच्या कामाने. तरी तिने बांधली. चित्रातली गाठ डावीकडे वळते. तिची उजवीकडे वळली. अजून एकदा म्हटलं, तिने सोडून पुन्हा बांधली, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने दोरा मुद्दाम उलटा धरायचा प्रयत्न केला आणि तो बोटांतून निसटला. मग तिने हात पांघरुणाखाली घेतले आणि म्हणाली की हात विसरतात, तू तिच्या म्हणण्याप्रमाणे लिही.

शेडमध्ये कोणी डावखुरं होतं का विचारलं, तर आठवत नाही म्हणाली. तुलाही विचारलं असतं, पण तू तर लिहितेस, जेवतेस सगळं उजव्या हाताने. निघताना तिने एक विचित्रच विचारलं. तुझ्या आजीच्या त्या दोन बोटांवरच्या चिंध्या सुटल्या का, म्हणाली. मला काही अर्थ लागला नाही. आई म्हणाली, म्हातारपण.

मी भिंगरीआजीचं नाव लिहू का? दहा तारखेला मी पिल्लं मोजायला बेटावर जातेय, सभेत माझे साहेब अहवाल वाचतील. त्याआधी तुझा होकार हवा. गाठी ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझी
टोची

---

दि. २६ फेब्रुवारी

चि. टोची,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आधी बाकीचं लिहिते, मग तुला हवे असतील तर घे.

भिंगरीचं नाव लिहू नकोस. गाठ माझी आहे.

मी डावखुरी. शाळेत मास्तरांनी डावा हात बाकाला बांधून ठेवायचं ठरवलं, म्हणून लिहिणं-जेवणं उजव्याने शिकले. पण जाळ्याची सुई उजव्या हाताने चालेना. शेडमध्ये कोणी मारायला नव्हतं, तिथे मी डाव्याने सांधायचे. सगळ्या शेडमध्ये डावीकडे वळणारी गाठ एकटीची, माझी. तुझं चित्र चांगलं होतं. मी पाहताक्षणी ओळखलं, चष्मा न लावता.

गाठच काय, मी तो तुकडाही ओळखला. दिवसही सांगते. सुई लागून माझी दोन बोटं सुजली होती, त्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. बाकीच्या बाया घराचं माप लाकडी फळीवर घ्यायच्या. मी कधी फळी घेतली नाही. नवशिक्यांनी घ्यावी, म्हणायचे. मी बोटांवर घ्यायचे, चार बोटं म्हणजे एक घर. त्या दिवशीही बोटांवरच घेतलं, चिंध्यांसकट. चाराची साडेपाच झाली आणि मला पत्ता नाही. हिरवा दोरा संपला म्हणून शेवटची ओळ भिंगरीच्या पाटावरचा नारिंगी दोरा उचलून पुरी केली. ती तेव्हा पाणी प्यायला गेली होती. गाठ मारली. मग लांबून बघितलं. ठिगळ असं दिसत होतं, जसं नीटनेटक्या कपड्याला मोठं भोक.

मुकादम तपासत तपासत माझ्यापासून तीन पाटांच्या अंतरावर आला होता. तेव्हा माझी एकवीस वर्षं झाली होती आणि एकही ठिगळ परत आलेलं नव्हतं. मी कात्री घेतली, अख्खं ठिगळ कापलं, जमिनीतली फळी उचलली आणि खाली सोडलं. माझ्याच झडपेतून. मुकादमाला म्हटलं, दोरा संपला म्हणून अजून लावलं नाही. तो भिंगरीकडे वळला आणि नारिंगी दोरा कुठे विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोटांवरच्या चिंध्या नीट करत राहिले.

ती पाच वर्षं हौदावर होती. मी शेजारून जायचे तेव्हा कसं काय विचारायचे. ती बरं आहे म्हणायची.

आणि आता तू चित्र पाठवलंस, तर मी दुसऱ्यांदा तिच्याच अंगावर ढकललं. पहिल्या वेळी भीती तरी होती. या वेळी कसली? एका पाटीची. म्हातारीला काय जाळायची आहे ती पाटी? तिचे हात विसरले नव्हते, टोची. तिचे हात खोटं बोलायला तयार नव्हते, आणि ती त्यांना जबरदस्ती करत होती, माझ्यासाठी. तू लिहिलेलं तेवढं वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं. दोन दिवस त्याच्यावर चहाचा कप ठेवला. तुझी आई म्हणाली, बरं नाही का. मी म्हटलं, पोट.

त्या सीलचंही बघ. चार बोटांचं घर असतं तर तिचं डोकं आत गेलंच नसतं ना? मी मोजून पाहिलं, आपल्या मांजरावर. चार बोटांत मांजराचंही जात नाही. म्हणजे नीट सांधलं असतं तर ती मेली नसती, फेकलं नसतं तरी नसती, आणि खरं बोलले असते तर कोणीतरी ते दोन शिव्या देऊन उसवलं असतं. तू लिहिलंस की आईचं विष दुधात उतरतं. आपल्या घरी जिभेत उतरलंय, तू जरा जपून राहा.

तुझ्यासमोर मान वर करून बसायची सवय आहे मला. आता पत्रातसुद्धा जमत नाही.

माया ठेव म्हणत नाही.

आजी

---

दि. ४ मार्च

ती. आजीस,
नमस्कार.

पत्र मिळालं. मी चिडले आहे. ठीक आहे, असं लिहिणार नाही, कारण ठीक नाही. पण तुझ्यावर चिडताना मला हेही दिसतं की त्या हातांना तीनदा गाठ बांधायला मी लावली. पुरावा हवा होता ना मला. एकदा उजवीकडे वळली तेव्हाच मला कळलं होतं. पुढच्या दोनदा लावायची गरज नव्हती.

भिंगरीआजीचं नाव खोडलं आहे. तुझंही लिहिलेलं नाही. अहवालात ती जागा रिकामी ठेवली आहे. साहेबांना फक्त एवढंच सांगितलं की सभेत कदाचित कोणी सांगेल. ते सांगायचं असेल तर तू सांग, मी तुझ्या वतीने सांगणार नाही. आणि सभेच्या आधी कुठे जायला हवं ते मी तुला शिकवायला नको.

दहा ते पंचवीस बेटावर आहे. पत्र तिथल्या बोटीने मिळतं.

टोची

ता. क. मांजराला सोडलंस ना?

---

दि. १६ मार्च

चि. टोची हीस,
आशीर्वाद लिहिते आहे. परत पाठवायचे असतील तर बोटीने पाठव.

मांजर ठीक आहे, पण माझ्याकडे यायचं थांबलं.

सभेच्या आदल्या दिवशी भिंगरीकडे गेले. वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं, ते तिच्या दारात सांडलं. उभ्या उभ्याच सांगितलं की दोरा मी घेतला होता. ती म्हणाली, मला माहीत आहे, पाणी पिऊन येताना दारातून पाहिलं. मी विचारलं की तेव्हा बोलली का नाहीस. तर म्हणाली, तुझ्या घरी चार वर्षांचं पोर होतं, त्याची आई आजारी. तू हौदावर गेली असतीस तर त्याच रंगाच्या हातांनी त्याला भरवलं असतंस. माझ्या घरी कोणी नव्हतं. आणि मग लगेच म्हणाली, पण तू येऊन सांगशील म्हणून मी वाट बघितली, पहिलं वर्षभर. नंतर सोडून दिलं.

ते पोर म्हणजे तू. हे तुला ओझं म्हणून लिहीत नाही. ओझं माझं आहे, तू फक्त जेवत होतीस.

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही. म्हणाली, माफी ठेवायला माझ्याकडे कपाट नाही, त्यापेक्षा नखं काप. तिची बोटं मिटत नाहीत म्हणून कात्री धरता येत नाही, आणि तिथली बाई घाईत मांसासकट कापते. मी कापली. डाव्या हाताने, कारण कात्री मला डाव्यानेच नीट धरता येते. ती बघत होती. शेवटच्या बोटाला म्हणाली, हात अजून चांगला आहे तुझा. तेवढं ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही, दोन इयत्तांत ते शिकवत नाहीत. दर गुरुवारी यायचं ठरलं आहे. उशीर केला तर बोलून घेणार म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभा. तुझे साहेब भला माणूस, पण इतकं हळू बोलतात की मला वाटलं ते स्वतःशीच चाललंय. काचेच्या डब्यात तो तुकडा ठेवला होता. जवळ चिठ्ठी, त्यावर सांधणारी म्हणून पुढे जागा कोरी. बंदरवाले पुन्हा तेच म्हणाले, परक्या बोटींचं, आमच्याकडे हे माप नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठले. सुई आणि दोरा मागितला. लोकांना वाटलं, पाटीची बाई आता काहीतरी कौतुकाचं दाखवणार. टाळ्यासुद्धा वाजवल्या एकदोघांनी. मी डाव्या हाताने गाठ बांधली आणि साहेबांना म्हटलं, डब्यातलीशी लावून बघा. त्यांनी लावली. मग सगळं सांगितलं, चिंध्यांपासून हौदापर्यंत, भिंगरीचं नाव घेऊन. टाळ्या वाजवणारा एक जण आपल्या बुटांकडे बघत होता. मला बरं वाटलं नाही, टोची. खरं बोलून हलकं वाटतं म्हणतात, ते मला झालं नाही. नुसतं एवढंच झालं की मी बोलले.

झडप होणार नाही असं ठरलं, दोघांनी हात वर केले नाहीत तरी. तुकडे पुन्हा पोत्यात भरायचे आणि ट्रक येऊन नेणार. पाटी नको म्हणून मीच सांगितलं. या वेळी जोरात.

चिठ्ठीवरची कोरी जागा साहेबांनी भरू का विचारलं. मी पेन घेऊन स्वतः भरली. अक्षर वाकडं आलं, पण माझंच आहे हे कोणालाही कळेल.

आता शेवटचं, आणि याच्यासाठीच हे पत्र. डब्यातल्या तुकड्यात मी घरं मोजली. चार आहेत. मी ठिगळ सांधलं ते आडवी सहा, उभी पाच. तीस घरं. मला पक्कं आठवतं, कारण तेवढंच एक माझं चुकलं. म्हणजे सव्वीस घरं अजून पाण्यात आहेत, सगळी साडेपाच बोटांची.

बेटावर पिल्लं मोजताना त्यांच्या गळ्यांकडे बघ. नारिंगी दोरा किंवा साडेपाच बोटांचं हिरवं घर दिसलं तर, सील जिवंत असो की मेलेली, मला कळव. फोन नको, पत्र लिही. किती घरं होती तेही लिही.

माया तुझ्या मर्जीने ठेव. पत्र मात्र चुकवू नकोस.

तुझी
आजी